दर पंधरा मिनिटांनी

रात्रीचे दोन वाजून दहा.
टिपररीच्या या गोठ्यात ट्यूबलाइटखाली बारा गोऱ्हे
आणि आम्ही दोघं :
मी, गॉबनेट, हातात सिरिंज, पायाशी बर्फाचा डबा,
आणि मॅलकी टूही, वय एकाहत्तर,
जो घड्याळ बघत नाही
तरी पंधरा मिनिटं भरली की खोकतो.

मानेच्या शिरेत बसवलेली नळी.
पाच मिली रक्त, मग थोडं मीठपाणी, मग बूच.
पुढचा.
पुढचा रवंथ थांबवतो, मला बघतो,
पुन्हा सुरू करतो.

सगळे चौदा आठवड्यांचे.
हंबरणं म्हणजे न तेल घातलेली बिजागरी.
कुणी म्हणणार नाही यांचे खोंड होतील,
खोंडांचे वळू.
बाहेर काही म्हणजे काहीच नाही,
आणि आत, मेंदूच्या बुडाशी,
घेवड्याच्या बीएवढ्या ग्रंथीतून
कुणीतरी दार वाजवतंय.
एकदा. मग तासाभराने.
मग जरा लवकर.
थोडेच आठवडे चालतं हे,
मग सगळं गप्प होतं, जणू घरात कुणी नव्हतंच.
पण खाली ऐकलेलं असतं.
पुढे कधीतरी माझी टेप अंडकोशाभोवती
अठ्ठावीस सेंटीमीटर दाखवते
ती या रात्रींची उधारी फेडत असते.

डावीकडच्या सहांना दूध भरपूर.
उजवीकडच्या सहांना निम्मं.
सहा महिन्यांनी उजवीकडच्यांनाही हवं तेवढं देऊ,
फुगतील, चकाकतील, लठ्ठही होतील,
पण वयात येतील उशिराच.
गेल्या वर्षीही असंच झालं.
चुकलेलं दार खुराकाने उघडत नाही.
माझ्या अहवालात हे वाक्य
फारच सभ्य भाषेत आहे.

आता एक्केचाळीस नंबर.
उजवीकडचा, कपाळावर पांढरा ठिपका.
दोन आठवड्यांपूर्वीचं त्याचं रक्त काल लॅबमधून आलं.
शेजारच्या पाचांच्या रेघा सपाट, दुपारच्या तळ्यासारख्या,
आणि याच्या रेघेवर डोंगर.
सहा तासांत पाच.
निम्म्या दुधावर एवढे डोंगर उगवत नाहीत.

मी नळीला बूच लावलं.
"मॅलकी, याला वरचं दूध कोण पाजतं?"

मॅलकी खोकला.
अकराच मिनिटं झाली होती.

बराच वेळ तो दावणीची कडी नीट करत राहिला,
कडी नीटच होती.
मग म्हणाला,
"आमच्यात मी सातवा.
माझ्या वाट्याला फेस यायचा.
वाटी भरलेली दिसायची, बरं का.
आईला वाटायचं, दिसली म्हणजे झालं."
आणि मग, चिडून :
"हा बादली चाटतो. नुसती चाटत बसतो.
बाकीचे तरी झोपतात."

मी काय बोलणार.
चाळीस वर्षं याच हातांनी त्याने
गोऱ्हे खच्ची केलेत, चिमटा मिटताना
कधी मान वळवली नाही, हे तोच सांगतो, दारू प्यायला की.
आणि इथे दोन लिटर दुधासाठी
कान लाल.

वहीत शेऱ्याची जागा बोटभर असते.
लिहिलं : ४१, वगळला. कारण : आहारात अनियमितता.
म्हणजे उद्यापासून तो मोजणीत नाही.
म्हणजे उद्यापासून त्याला
हवं तेवढं.
नळी काढली, शिरेवर अंगठा दाबून धरला.
अंगठ्याखाली त्याचं रक्त
कुणाच्याही हिशेबात नसलेलं
धावत होतं.

दोन पंचवीस. आता मॅलकी वेळेवर खोकला.

उजवीकडे पाच उरले.
मी त्यांच्याकडे सुई घेऊन गेले,
एकेकाची मान धरली,
पाच मिली, मीठपाणी, बूच.
परत आले तेव्हा मॅलकी
रिकाम्या बादल्या एकात एक घालत होता,
मोजत होता,
आणि प्रत्येक वेळी सहावर येऊन
पुन्हा पहिल्यापासून.