शून्य का होईना

रात्री साडेअकराला राइस मिलवरून हिवराजचा फोन:
काट्यावर ट्रॉली चढली का कॉम्प्युटर निळा पडते, ताई.
दर वेळी नाही. कधी कधी.
या 'कधी कधी'ची मला जी भीती वाटते
ती मण्यारीचीही नाही.

मी इथे सालेटोल्यात, इन्व्हर्टरच्या उरलेल्या दोन काड्यांवर,
काट्याचा ड्रायव्हर उघडून बसते.
ड्रायव्हर म्हटलं की गावाला ट्रॅक्टर आठवतो;
मावशीने एका स्थळाला तसंच सांगितलं होतं,
ती माणसं परत आली नाहीत.

माझा ड्रायव्हर कर्नेलमध्ये राहतो.
तिथे चुकलं तर एखादी खिडकी बंद होत नाही,
अख्खं घर बसतं.
म्हणून व्हेरिएबल कुठे राहणार, हे मीच ठरवते.
एक खोली कायम मेमरीत, उशाशी.
दुसरी अडगळीची; तिच्या नावाची सुरुवातच 'पेज'.
गरज नसली की सिस्टिम तिला उचलून डिस्कवर टाकते,
मागितली की आणून देते,
सवडीने मागितली तर.

काटा हलतो, इंटरप्ट येतो,
आणि इंटरप्टला सवड नसते.
त्या क्षणी डिस्ककडे कोणी जाऊ शकत नाही,
जाणाऱ्यालाच थांबवून ठेवलेलं असतं.

हे मला कॉलेजात शिकवलं, पण कळलं होतं आधीच.
बाबा आरोग्य केंद्रात औषधं वाटायचे.
भांडार अंगणापलीकडे, त्याला कुलूप,
किल्ली लाखेश्वर तुरकरकडे
आणि लाखेश्वर त्या रात्री सासुरवाडीला.
रोवणीचे दिवस. धुरपता उईकेला खाटेवर घालून आणलं,
पापण्या मिटत चाललेल्या.
सापाचं इंजेक्शन होतं ना! रजिस्टरात होतं,
आकडा बरोबर, तारीख बरोबर, खाली सही.
बाबांनी दगडाने कुलूप फोडलं.
ती वाचली. बाबांना मेमो आला.

दुसऱ्या दिवसापासून दहा कुप्या पुढच्या खोलीत,
वर चिठ्ठी: इथून हलवायचं नाही.
आणि जो खण रिकामा, त्यावरही चिठ्ठी: शून्य.
मी विचारलं, रिकाम्यावर काहून लिहिता?
म्हणाले, लिहून नसलं तं कोनीबी काहीबी ठेवते.

पहाटे तीनला सापडलं. ओळ दोनशे बारा.
अडगळीची खोली मीच उघडली होती,
तीन बिनकामाच्या सेटिंग ठेवायला,
आणि दार ओढून घ्यायला विसरले होते.
मग त्याखाली लिहिलेलं सगळं मुकाट आत गेलं,
ट्रॉलीचं वजन मोजणारा आकडासुद्धा.
मिल रिकामी असली की तो डिस्कवर झोपायला जायचा.
ट्रॉली यायची, काटा हलायचा,
किल्ली सासुरवाडीला.

दार लावलं. आकड्यासाठी वेगळा सेक्शन काढला.
तरी तो जाईना तिथे.
अर्धा तास गेल्यावर डोक्यात उजेड:
ज्याला सुरुवातीची किंमत दिलेली नाही
त्याला कंपायलर तिसरीकडेच नेतो, बेवारशांच्या रांगेत.
किंमत लिहावी लागते. शून्य का होईना.
लिहिलं. गेला.

सेक्शनच्या नावाला आठच अक्षरं मिळतात.
रोमनमध्ये धुरपता बरोबर आठ भरते.

हिवराज म्हणतो सकाळपासून चौदा ट्रॉल्या चढल्या,
निळं काही नाही.
मी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही.
'कधी कधी' गेलं का, ते कळायला
धानाचा हंगाम सरावा लागेल.

धुरपता मंगळवारच्या बाजारात सुकट विकते.
माप नेहमी थोडं जास्तच घालते आम्हाला.
तिला हे सांगायचं कसं,
याचा विचार करते आहे.