चौदा पॅकेजेस

कंपनीने भंगारात काढलेले तीन संगणक
इस्माईल तांडेलने स्टोअरकीपरकडून मागून आणले,
हातगाडीवरून, वर ओला पंचा टाकून.
सोहारच्या उन्हात लोखंडसुद्धा कण्हतं, म्हणाला.

शुक्रवार. मेसमधलं टेबल पुसून मांडले.
डिस्क चाळीस जीबीची, नेट माझ्याच फोनचं.
लिनक्स चढलं, भाषा मराठी निवडली.
आता प्रश्न उरला
सॉफ्टवेअर आणायचं कुणाच्या हातून.

तांडेल म्हणतो, फ्लॅटपॅक घे.
प्रत्येक प्रोग्रॅम आपली वळकटी घेऊन येतो,
आपलं ताट, आपली वाटी,
कुणाचा कुणाला उपसर्ग नाही.
तांडेलच्या खाटेखालच्या ट्रंकेला दोन कुलपं आहेत.
मीठसुद्धा आत.

मी ॲप्टच्या बाजूचा.
एक भांडार, एक यादी,
एकच लायब्ररी दहाजणांत वापरायची.
जसा आमच्या खोलीतला कुकर, मी म्हणालो.
ज्याची शिट्टी दत्तारामने हरवली, तांडेल म्हणाला,
आणि महिनाभर सहाजणांनी कच्चा भात खाल्ला.

मग आकडे पाहिले.
चित्रांच्या एका प्रोग्रॅमला
वळकटीसकट दीड जीबी,
ॲप्टकडून नव्वद एमबी.
पॅक संपायला नऊ दिवस होते
आणि रात्री सईचा व्हिडिओ कॉल यायचा होता.
वाद मिटला. तत्त्वं बहुधा अशीच मिटतात.

ओळी सरकू लागल्या.
हे त्याच्यावर अवलंबून, ते आणखी कुणावर.
इतका लांबचा माग मी एकदाच काढलाय, व्हिसासाठी:
अर्बाब, अर्बाबचा भाऊ, भावाचा टायपिस्ट,
आणि टायपिस्ट रजेवर.

तिसऱ्यावर जागा कमी पडली.
सोबत आलेला सोंगट्यांचा खेळ काढला,
मग साफसफाईची आज्ञा दिली.
पडद्यावर आलं:
पुढील चौदा पॅकेजेस आपोआप आली होती,
आता त्यांची गरज उरलेली नाही.
काढून टाकायची? हो / नाही.

दत्ताराम मागे उभा, ताट हातात.
मोठ्याने वाचलं त्याने,
नोटीस बोर्डावरचं वाचतात तसं.
गेल्या महिन्यात फर्नेस बंद झाली तेव्हा
बोर्डावर अकरा होते.
आपलं कुणाचं नाव नाही ना यात?

नाही रे. लिब अमुक, लिब तमुक.

एसीचं पाणी बादलीत टिपकत राहिलं.
सहा एमबी मोकळे होणार होते फक्त.
मी 'नाही' दाबलं.
तांडेल एवढंच म्हणाला,
राहू दे, कुठेतरी मावतील.