पुठ्ठा

चोतुरबाइकेंच्या डाव्या हाताला चार बोटं.
पहिल्याच दिवशी त्यांनी तो हात माझ्यासमोर धरला,
तिएन शानच्या खिंडीतल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये,
बाहेर उणे एकतीस, आत उणे एकोणतीस,
आणि म्हणाले, मोज.

मोजली.
"पाचवं हायड्रॉलिकच्या नळीनं नेलं.
केसाएवढं भोक, डोळ्याला दिसत नव्हतं.
तेल कुठून पाझरतंय म्हणून मी बोट फिरवत गेलो.
टोचल्यासारखं झालं, बस्स. चहा प्यायलो, जेवलो.
रात्री ते काळं पडलं. सकाळी नारिनच्या डॉक्टरनं ठेवून घेतलं."
मग चहाच्या खोक्याचा एक तुकडा फाडून माझ्या हातात दिला:
"हे तुझं बोट."

त्या हिवाळ्यात मी तेवढंच शिकले म्हणा ना.
पुठ्ठा नळीच्या कडेनं सावकाश न्यायचा,
ओला डाग उमटला की इंजिन बंद,
आधी दाब उतरवायचा, मगच पाना.
पातं जमिनीला टेकल्याशिवाय बुलडोझरखाली शिरायचं नाही;
लोखंडाला भीड नसते.
ग्रीसची नळकांडी ते कोटाच्या आत, छातीशी धरून आणत,
थंडीनं गोठू नये म्हणून,
आणि काळं ग्रीस सरून लाल दिसेपर्यंत
मला गन दाबायला लावत, हात भरून आले तरी.

साखळीवर पट्टी ठेवून मधला झोळ मोजायचा.
जास्त ताणली तर पिना खाते, सैल सोडली तर वळणावर उतरते.
किती ठेवू? विचारलं.
"तीन बोटं. तुझी. माझी जाड आहेत."

फेब्रुवारीत कडा कोसळला.
पलीकडे कोळशाचे एकोणीस ट्रक आणि एक मिनीबस.
त्याच सकाळी मी डाव्या फायनल ड्राइव्हचं बूच काढलं.
चुंबकावर रोज करडी साय असते, बोटानं पुसली की जाते.
त्या दिवशी चकचकीत तुकडे होते,
एक तर नखाएवढा, एका कडेनं गोल.

ओरमोनसाहेब फोनवरूनच ओरडत आले:
अडीच तासांचं काम आहे, अडीच तास चालेल ना ती!
बाइके वाद घालायच्या भानगडीत पडले नाहीत.
तो तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला
आणि किल्ली स्वतःच्या खिशात.

रात्रभर आम्ही खोलत होतो.
बेअरिंगचा पिंजरा हातात आला तो भुग्यासारखा.
खालच्या ठाण्यावरून छोटा लोडर रखडत पोचला,
रस्ता मोकळा व्हायला दुसरी दुपार उजाडली.
ड्रायव्हर जाताना आमच्या शेडकडे थुंकत गेले.
मिनीबसमधल्या एका बाईनं काच पुसून माझ्याकडे नुसतं पाहिलं.
शिव्या परवडल्या.

दुसऱ्या वळणावर डावी साखळी अडकली असती,
उजवी चालत राहिली असती,
म्हणजे मशीन डावीकडे वळलं असतं.
डावीकडे दरी आहे.
पण असतं-असतीला वहीत रकाना नाही.
मी लिहिलं: ६४१२ तास. डावं बेअरिंग बदललं.
तेल नवं. बूच साफ.
शेरा हा रकाना मोकळाच ठेवला, काय लिहायचं ते सुचेना.

बाइकेंनी वही ओढून घेतली, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं
आणि मोठ्या, वाकड्या अक्षरात लिहिलं:
काही झालं नाही.

मग म्हणाले, चहा आहे का?
होता.
खोकं मात्र मी केव्हाच फाडून संपवलं होतं;
पत्ती ग्रीसच्या धुतलेल्या डब्यात होती,
आणि चहाला थोडा वास येत होता.