ऱ्ह

मानपत्राचं काम माझ्याकडे आलं,
कारण टाइम ऑफिसात ऱ्हस्व-दीर्घ कळणारी
मी एकटीच, असा साहेबांचा समज.
"उद्या चारपर्यंत द्या. दहा ओळी पुरेत.
प्रामाणिक, मेहनती, कुटुंबातलेच एक, वगैरे."

फाइल उघडली.
बोराडे हनुमंत सखाराम, टोकन नंबर दोनशे अकरा,
ग्राइंडिंग विभाग, राहणार मोशी.
नोकरी चौतीस वर्षं. शिल्लक रजा एकशे सहा.
लेट मार्क सात, त्यातले पाच एकाच आठवड्यातले,
कारण : आई ससूनमध्ये.
एक मेमो : सुपरवायझरला न विचारता मशीन बंद केलं.

एवढ्यावर माणूस उभा राहत नाही.
जेवणाच्या सुट्टीत खाली गेले.

स्टोअरमधले इनामदार म्हणाले,
"मेमो? अहो, बेअरिंग गेलं होतं त्या दिवशी.
कुणाला ऐकू आलं नाही, यांना आलं.
नाहीतर दोन पोरांची बोटं गेली असती.
पोरं वाचली. मेमोही राहिला."

कॅन्टीनच्या शकीलाभाभी म्हणाल्या,
"शेंगदाण्याच्या चटणीची वेगळी डबी आणतात,
खोली करून राहणाऱ्या पोरांसाठी.
विचारलं तर म्हणतात, बायकोला अंदाज येत नाही.
चौतीस वर्षं अंदाज येत नाही होय!"

एका ट्रेनीनं नुसता अंगठा दाखवला.
"मायक्रोमीटर नंतर. आधी हा फिरव, म्हणतात.
जे तुला टोचलं ते गिऱ्हाइकाला टोचणार."

दहाच्या चाळीस ओळी झाल्या.
साहेबांनी नऊ ठेवल्या.
बेअरिंग अर्थातच गेलं.

कॅन्टीनची टेबलं भिंतीला सरकवून समारंभ.
शाल, नारळ, अर्धा किलो आंबा बर्फी,
आणि बुधवारातून करून आणलेली
लाकडावर बसवलेली पितळी पाटी.
साहेब म्हणाले, आपण सगळे एक कुटुंब आहोत.
कुटुंबातले निम्मे तेव्हा
दुसऱ्या पाळीच्या मशीनवर उभे होते.

चार शब्द बोला म्हटलं तर
त्यांनी मान हलवली. पाटी हातात घेतली,
सवयीनं कडेवरून अंगठा फिरवला
आणि डाव्या कोपऱ्यावर थांबले.
"बर राहिलीय."
ट्रेनीच्या खिशातली बारकी कानस घेतली,
दोन हात मारले, फुंकर घातली,
पुन्हा अंगठा.
टाळ्या वाजल्या त्या तेव्हा.

मग पाटीवरचं नाव वाचून जरासे हसले.
"इथंही बोराडेच."

म्हणजे? मी विचारलं.

"आम्ही बोऱ्हाडे, मॅडम. मोशीत शेंबडं पोर सांगेल.
सहा साली पगाराची स्लिप कॉम्प्युटरवर आली,
तेव्हापासून बोराडे.
म्हटलं, आकडा बरोबर आहे ना, मग असू दे."

सहा साली त्या स्लिपा मी टाइप केल्या होत्या.
त्या फॉन्टात ऱ्ह सापडत नव्हता.
स्वारगेटची बस सुटायला दहा मिनिटं होती,
मी सोपं केलं,
पुढं कधी आठवलंही नाही.
एकोणीस वर्षं, दर महिन्याच्या सात तारखेला
हा माणूस आपल्याच नावाची बर
अंगठ्याखाली धरून
निमूट सही करत आला.

अनुभवाचा दाखला अजून माझ्याच टेबलावर होता.
छापलेला बाजूला सारला,
कोरं लेटरहेड घेतलं, पेन झटकलं.
श्री. हनुमंत सखाराम बो
इथं हात थांबला.
अर्ध्या र चा तो आकडा, मग ह, मग काना.
केवढीशी जागा लागते!

ते समोर उभेच होते, शाल काखेत, नारळ पिशवीत.
कागद घेतला, नावावरून अंगठा नेला.
शाई ओली होती, ह जरासा फरफटला.
मी म्हटलं, थांबा, दुसरा लिहिते.
म्हणाले, "चालेल."

त्यांच्या तोंडचं चालेल म्हणजे काय,
ते खाली ग्राइंडिंगला जाऊन विचारा.