चोक

कात्रजच्या चढावर पाणी उकळलं,
खडखडाट झाला, मग काहीच नाही.
टोइंगवाल्यानं आठशे घेतले, वर सल्ला : भंगारात घाला.

दस्तगीर शिकलगारनं बॉनेट उघडलं, नाक खाजवलं.
"ब्लॉकच गेलाय. नवं इंजिन गाडीपेक्षा महाग.
भवानी पेठेत एक पडलंय, हिच्या आधीच्या मॉडेलचं.
बसतं का काय विचारता,
बसवलं की बसतं."

तीन दिवस ते साखळीला लोंबकळलं,
खाली पसरलेल्या छोट्या जाहिरातींवर
काळे थेंब गाळत.

चोकला जागाच नव्हती.
रेडिओशेजारी भोक पाडून त्यानं दांडी बाहेर काढली.

आरटीओत बाई म्हणाल्या, नवीन इंजिन?
नाही, जुनं.
किती?
गाडीच्या आधी नऊ वर्षं.
त्यांनी चष्मा काढून माझ्याकडं पाहिलं.

आता सकाळी दांडी ओढायची, थांबायचं,
धडधड ऐकून अर्धी आत सारायची.
मुलीला शिकवलं, तर म्हणते,
"बाबा, ही तर लाडीगोडी झाली."

आरपीएमच्या काट्याची वायर
या इंजिनाला कुठं सापडलीच नाही.
काल परत कात्रज चढलो, दुसऱ्यावर, सावकाश.
बोगदा येईस्तोवर
काटा शून्याला टेकून झोपलेला.