खुंटाची उंची

हार्त्सच्या उतारावर एकतीस वर्षं
मी मरणाऱ्या झाडांवर खुणा करत आलो.
नारिंगी रंगाचा डबा, खोडाभोवती एक कडं,
पुढचं झाड.
स्प्रूसचा आधी शेंडा तांबूस होतो,
मग सालीतून पिठासारखा भुसा गळतो,
मग मी येतो.

त्या मंगळवारी माझ्याआधी तिथे अकरा पोरं होती.
गुडघ्यापर्यंत चिखल, नाकाखाली वाळलेले ओघळ,
पाठीवर डब्याच्या पिशव्या,
आणि शाळा कुठेच नाही.
कुठली शाळा, असं विचारलं तर वीबके बाईंनी
हवेत हाताने गोल काढला: ही काय.
भिंत नाही, घंटा नाही. पाऊस आला तर टोपी.
नियम एकच,
हाक ऐकू येईल एवढंच लांब जायचं.

(माझी मुलगी ब्रेमेनला असते.
असो.)

मी कडं ओढलं तशी एक पोरगी पुढे आली.
"आज याचा वाढदिवस आहे?"
मला खोटं बोलता आलं असतं.
वीबके बाई नुसत्या बघत होत्या,
मदतीला येत नव्हत्या.
"याला कीड लागलीय. सोमवारी पाडणार."
कुणी रडलं नाही.
त्यांनी पुरावा मागितला.

मग चाकूने वीतभर साल सोलली.
आत मधोमध एक उभा दांडा
आणि दोन्ही बाजूंना फुटलेल्या रेघा,
निघताना दोऱ्याएवढ्या, पुढे पुढे जाड.
आमच्याकडे या किड्याला छापखानेवाला म्हणतात.
भाताच्या दाण्याहून लहान असतो.
पानंच्या पानं छापतो
आणि साल मिटून ठेवतो.

त्यार्क नावाचा एक मुलगा होता.
तो कुणाशी बोलत नाही, हे मला नंतर कळलं.
त्याने ती साल मांडीवर घेतली,
दांड्यावर बोट ठेवलं
आणि वाचायला लागला.
"इथून आई चालली.
इथे बाळ निघालं. बाळ खातंय.
खातंय. खातंय.
बाळ जाडं झालं, म्हणून रस्ता जाडा झाला.
इथे भोक.
गेलं."
बोट हवेत तसंच राहिलं.
वीबके बाई जंगलाकडे तोंड करून
उगाच कुणाचा तरी मोजा झटकत होत्या.

मी हे सगळं हेक्टरमध्ये लिहीत आलो होतो.

मघाची पोरगी, हेडा तिचं नाव,
अजून कामाचंच बोलत होती.
"सगळं नका कापू. आम्हाला टेबल पाहिजे."
"केवढं उंच?"
ती खोडाला चिकटून उभी राहिली,
जाकिटावर बोट रोवलं: "माझी बेंबी इथे आहे."
यानिक म्हणाला, माझी खाली आहे.
आणखी चौघांच्या बेंब्या निघाल्या, चार ठिकाणी.
मोठा तंटा झाला.
शेवटी मी हेडाच्या बोटापाशी रंग लावला,
कारण बोट तिने अजून काढलं नव्हतं.

सोमवारी करवत त्या रंगावर चालवली.
झाड पडताना जंगल एकदा दचकलं,
मग सवयीने गप्प.
फॉर्मवर लिहायचं असतं:
खुंट जमिनीलगत नसल्यास कारण द्या.
मी पेन बराच वेळ धरून बसलो.
वादळ लिहिता आलं असतं, दगड लिहिता आला असता.
मी लिहिलं, हेडाची बेंबी.
कार्यालयातून अजून विचारणा नाही.

परवा त्या बाजूला गेलो होतो.
खुंटावर अकरा डबे, एक मेलेला भुंगा,
आणि त्याच्या बाजूला, त्याला लागतील म्हणून,
दोन ब्लूबेरी.
हेडा मला बघून धावत आली,
खुंटाला चिकटून उभी राहिली.
बेंबी चांगली दोन बोटं वर गेलीय.
"बघा," ती म्हणाली,
"तुम्ही चुकीचं कापलंत."