नाव

आमच्या नावेला नाव नाही.
काठावरच्या सगळ्याच तशा,
लार्चच्या फळ्या एकीवर एक चढवलेल्या, वर डांबर.
ज्याची त्याला ओळखू येते, गाईसारखी.

मेचा तिसरा आठवडा. कॉरिबवर माश्या निघाल्यात.
तळाच्या चिखलात दोन वर्षं काढायची
आणि पंख फुटले की हातात दिवस दोन दिवस.
शाळा सुटली की टर्लीची पोरं बेटाच्या आडोशाला
हॉथॉर्नच्या झुडपांतून त्या वेचतात,
भोकं पाडलेल्या सिगारच्या डब्यात भरतात.
डझनाला तीन युरो. मेलेली हिशेबात धरायची नाही.

बाबांचा खांदा हिवाळ्यात उघडून परत शिवला,
म्हणून वल्ही माझ्याकडे, आणि काठीही.
ते मागच्या फळीवर, मांडीत थर्मास.
तोंड मात्र कोणी शिवलं नाही.
"वारा पाठीवर घे. काठी उंच. रेशीम फुगू दे.
पाण्याला माशीचे पाय लागू देत, धागा नको."

पंधरा फुटांच्या काठीपुढे, पार तिकडे,
गळावरच्या दोन जिवंत माश्या
टेकतात, उठतात, टेकतात,
तवा तापला का म्हणून बोट लावून पाहावं तशा.
नाव आडवी वाहत जाते.
खाली चुनखडीचे खडक, पिवळे, पिवळे,
मग अचानक नाहीत.

ट्राउट आला की लगेच ओढायचं नाही.
सगळ्यांचं तिथंच चुकतं.
तो तोंड उघडतो, मिटतो, खाली वळतो,
तेवढा वेळ त्याचा त्याला द्यायचा.
किती, ते घड्याळात बसत नाही.
बाबा नाव घेतात:
ओनोरा मेरी किनीन.
माझ्या आईचं, लग्नाआधीचं, पूर्ण,
सावकाश, शेवटच्या न पर्यंत,
आणि मग मनगट उचलतात.
चाळीस वर्षं.
लिऑनहून आलेल्या एका दंतवैद्यानं विचारलं होतं,
ही ओनोरा कोण?
बाबा म्हणाले, इकडची एक संत.
घरी तिला ते "ऐकलंस का" म्हणतात.
आणि ती नावेत कधी बसलेली नाही.

शेळ्यांच्या बेटापाशी पाणी फुगलं.
फुटलं नाही, नुसतं फुगलं.
लोण्याच्या रंगाचं पोट, एक डोळा,
माझ्या माश्या दिसेनाशा,
आणि माझ्या तोंडून निघालं
आई.
मी काठी उचलली.
गळ परत आला, ओला, रिकामा.

बाबांनी थर्मासचं झाकण फिरवून फिरवून लावलं.
मग म्हणाले, "आखूड पडला."

पूर्ण नाव मी कधी घेतलंच नव्हतं.
लिहिलं होतं, इस्पितळाच्या फॉर्मवर, बँकेत.
तोंडानं कोण घेतं?
वल्हवत वाऱ्याच्या वर परत जाताना
मनात म्हणून पाहिलं. किनीनवर जीभ अडखळली.
उसन्या सायकलवरून नाचाला जायची म्हणे ती,
दिवा न लावता,
आईच्या आधीची कुणी मुलगी,
माझी तिची ओळख नाही.

चार वाजता एक सर येऊन गेली, आणि पुन्हा.
ओनोरा
वर्तुळ मोठं होत नावेला लागलं
मेरी
धागा सैल, पाण्यावर पडलेला, बाबा श्वास धरून
किनीन
आता.
आणि पलीकडच्या टोकाला कुणीतरी
जोरजोरात आपलं म्हणणं मांडायला लागलं.

संध्याकाळी आई ओट्याशी.
पावणेतीन पौंड. लाल ठिपके, भोवती फिकट कडी.
सुरी पोटातून सरळ. चमचाभर माश्या निघाल्या,
चिखल झालेल्या, आणि त्यात एक अख्खी,
पंखांसकट. ती तिनं नळाखाली धुतली,
खिडकीच्या कडेवर ठेवली. का, ते विचारलं नाही.
"कुणी धरला?"
बाबा बुटांच्या नाड्यांत गुंतलेले,
मान वर करेनात.
"मीच, आई."

ती म्हणाली, "मग कल्ले तूच काढ.
मांजर केव्हाचं दारात बसलंय."